वॉर्डातली पहिली ड्युटी: मूलभूत रुग्णसेवा आणि सुरक्षितता, पायरी-पायरीने

नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एका वेळी एकच प्रक्रिया करायची असते. वॉर्डात एकाचा स्पंज (खाटेवरच अंग पुसणं) अर्धा झालेला असतो, तेवढ्यात शेजारचं सलाईन संपतं, कोपऱ्यातल्या आजोबांना बेडपॅन हवं असतं आणि फोन वाजत राहतो. अशा वेळी काय उशिरा केलं तरी चालेल आणि कुठलं पाऊल कितीही घाई असली तरी सोडायचं नाही, हे माहीत असावं लागतं. हा लेख विद्यार्थी, नव्याने रुजू झालेल्या परिचारिका आणि परिचारक, तसंच नर्सिंग सहाय्यक यांच्यासाठी आहे. सगळे आकडे प्रौढ रुग्णांचे आहेत. मुलांचे वेगळे असतात. रुग्णालयाची लेखी कार्यपद्धती काही वेगळं सांगत असेल तर ती पाळा. औषधं, रक्त आणि नळ्या ही नोंदणीकृत नर्सची कामं आहेत. विद्यार्थ्यांनी ती देखरेखीखालीच करावीत, सहाय्यकांनी करू नयेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच. रुग्ण बहुतेक वेळा अचानक बिघडत नाही. त्याआधी काही तास श्वास वाढलेला असतो, लघवी कमी झालेली असते, बोलण्यात गोंधळ आलेला असतो. हे सगळं दिसतं ते स्पंज देताना, चादर बदलताना, पाणी पाजताना. ही कामं हलकी समजून जो उरकतो, त्याच्या हातून रुग्णाला नीट पाहण्याची दिवसातली सगळ्यात चांगली वेळ निसटते.

## जवळ काय हवं

खिशात: सेकंदकाटा असलेलं घड्याळ (मनगटावर नको, गणवेशाला अडकवायचं), निळं किंवा काळं न पुसणारं पेन, छोटी वही, पेनटॉर्च.

ट्रॉलीवर: थर्मामीटर, लहान-मध्यम-मोठ्या कफसह बीपीचं उपकरण, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, हँडरब (हातांवर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण), हातमोजे, स्पिरिट स्वॅब, सुया टाकायचा डबा.

कागद: ड्रग चार्ट, टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) चार्ट, इंटेक-आउटपुट (आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या पाण्याचा) चार्ट, पडण्याचा धोका आणि त्वचेची स्थिती यांचे फॉर्म, ॲलर्जीची नोंद, आधीच्या पाळीचा लेखी हँडओव्हर (रुग्णांची सोपवलेली माहिती). ॲलर्जीचा रकाना कोरा असेल तर ‘ॲलर्जी नाही’ असा अर्थ काढू नका. रुग्णाला किंवा नातेवाइकांना विचारा आणि ‘माहीत असलेली ॲलर्जी नाही’ असं स्पष्ट लिहा.

## १. हँडओव्हर खाटेपाशी घ्या

काउंटरवर बसून ऐकलेला हँडओव्हर अर्धाच असतो. आधीच्या पाळीच्या सिस्टरबरोबर प्रत्येक खाटेपाशी उभे राहा. रुग्ण जागा आहे का, श्वास कसा चालला आहे, ऑक्सिजन किती लिटरवर आहे आणि चार्टवर किती लिहिला आहे, सलाईनच्या बाटलीत किती उरलं आहे, कॅन्युलाची (शिरेत घातलेली बारीक नळी) जागा, युरिन बॅग, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी), हातातला पट्टा आणि घंटा, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. एका रुग्णाला मिनिटभर लागतं.

हँडओव्हर संपला की लगेच कामाला न भिडता यादी लावा: सगळ्यात आजारी कोण, वेळेला बांधलेलं काय (इन्सुलिन, अँटिबायोटिक, ऑपरेशनची तयारी), बाकीचं नंतर. सक्शन (लाळ-कफ ओढून काढायचं यंत्र) आणि ऑक्सिजनचा पॉइंट चालू आहे का, हेही आताच तपासा. गरज पडल्यावर सक्शन चालत नाही हे कळून काही उपयोग नसतो.

## २. ओळख: खाटेचा नंबर ही ओळख नाही

औषध, रक्त, नमुना, तपासणीला नेणं, काहीही करण्याआधी दोन खुणा जुळवायच्या: पूर्ण नाव आणि जन्मतारीख, किंवा पूर्ण नाव आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक. खाटा बदलल्या जातात, म्हणून खाटेचा नंबर खूण म्हणून धरत नाहीत.

विचारायची पद्धत महत्त्वाची. “तुम्ही अमुकच ना?” असं विचारलं की कमी ऐकू येणारी, झोपेतली किंवा घाबरलेली व्यक्ती मान हलवून मोकळी होते. “तुमचं पूर्ण नाव सांगा” असं म्हणा, उत्तर हातातल्या पट्ट्याशी आणि चार्टशी ताडून पाहा. बोलू न शकणाऱ्या रुग्णाचा पट्टा हाच आधार असतो. सलाईन लावताना तो कापला गेला असेल तर दुसरा बांधूनच पुढे जा. एकाच आडनावाचे दोन रुग्ण वॉर्डात असतील तर दोघांच्या फाइलवर ठळक सूचना लावा.

रक्ताच्या नळीवरचं लेबल नमुना घेतल्यावर, खाटेपाशीच लावायचं. आधी लेबलं लावून ठेवलेल्या नळ्यांची अदलाबदल होते, आणि चुकीच्या रक्तगटाची गोष्ट बऱ्याचदा तिथूनच सुरू होते.

## ३. हात

व्हिएन्नातल्या प्रसूती विभागात इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. तेव्हापासून हे माहीत आहे, आणि तरी आजही सगळ्यात जास्त गाळलं जाणारं पाऊल हेच.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायच्या पाच वेळा ठरवून दिल्या आहेत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, रक्त किंवा शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. शेवटची वेळ सगळे विसरतात. खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड, लॉकर यांवरही जंतू असतात.

हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद चोळायचं, हात आपोआप कोरडे होईपर्यंत. साबण-पाण्याला सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. हात दिसायला मळलेले असतील किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे जुलाब असतील तर साबण-पाणीच हवं, कारण त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांच्या मधल्या जागा हमखास राहतात. अंगठी, बांगड्या, कृत्रिम नखं ड्युटीवर नकोत.

हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नाही. एकाच जोडीवर चार रुग्ण करणं म्हणजे फक्त स्वतःचं रक्षण करून जंतू वाटत फिरणं. मोजे काढल्यावरही हात स्वच्छ करायचे.

## ४. निरीक्षणं: श्वास मोजा, अंदाजे लिहू नका

प्रौढांचे सर्वसाधारण आकडे: नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, तापमान साधारण ३६.१ ते ३७.२ अंश सेल्सिअस, ऑक्सिजन ९५ टक्के किंवा जास्त. सीओपीडीसारख्या जुन्या फुप्फुसविकारात डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ टक्के असं लक्ष्य ठरवून देतात. अशा रुग्णाचा आकडा ९९ करण्यासाठी ऑक्सिजन वाढवू नका.

चार्ट उघडला तर वीसच्या वीस रुग्णांचा श्वास ‘२०’ लिहिलेला सापडतो. मोजला कुणीच नाही, हे त्यावरूनच कळतं. बिघाडाची सगळ्यात लवकर दिसणारी खूण श्वासाचा वेग आहे, आणि तो सांगणारं यंत्र साध्या वॉर्डात नसतं. नाडी मोजून झाल्यावर बोटं मनगटावर तशीच ठेवा आणि छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस नकळत वेग बदलतो.

नाडी अनियमित लागली तर तीही पूर्ण मिनिट. यंत्राने दाखवलेला आकडा लिहिला तरी एकदा हाताने नाडी पाहाच. ती भरीव आहे की क्षीण, हात गार आहे की गरम, घाम आहे का, हे यंत्र सांगत नाही.

बीपी घेण्याआधी रुग्णाला पाच मिनिटं शांत बसू द्या: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, दंड हृदयाच्या पातळीला आधारावर. कफमधल्या हवेच्या पिशवीने दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापला पाहिजे. जाड दंडावर लहान कफ बांधला तर बीपी खोटं जास्त येतं, बारीक दंडावर मोठा बांधला तर खोटं कमी. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा जोड) असलेला हात, स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेली बाजू आणि सलाईन चालू असलेला हात टाळा.

ऑक्सिमीटर बीपीच्या कफच्याच हाताला लावला तर कफ फुगताच आकडा पडतो. गार बोटं, नेलपॉलिश, थरथर यांनीही तो बिघडतो. धुरात सापडलेल्या रुग्णात मात्र आकडा ‘चांगला’ दिसतो आणि फसवतो, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं.

शुद्ध तपासताना पाच पातळ्या लक्षात ठेवा: पूर्ण जागा, नव्याने गोंधळलेला, हाकेला प्रतिसाद, वेदनेला प्रतिसाद, प्रतिसाद नाही. ‘नव्याने गोंधळलेला’ ही पातळी वयस्कर रुग्णांत फार बोलकी असते. त्यांना मोठा संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. काल नीट बोलणाऱ्या आजी आज मुलाला ओळखत नसतील तर ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका.

बऱ्याच रुग्णालयांत हे आकडे गुणांत बदलतात. त्यातली न्यूज-२ ही पद्धत ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून दिली. श्वास, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान यांचे गुण मिळवायचे. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहायला हवं, ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी. एकट्या निकषाला ३ गुण पडले तरी कळवायचं. श्वास २५ किंवा जास्त, ८ किंवा कमी; वरचं बीपी ९० किंवा कमी; नाडी १३१ किंवा जास्त, ४० किंवा कमी; यांतलं एकही दिसलं तर ३ गुण होतात.

## ५. औषधं

पाच गोष्टी बरोबर असायला हव्यात हे सगळ्यांना पाठ असतं: रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ. पाठ असूनही चुका होतात, कारण तपासणी एकदाच आणि ट्रॉलीपाशी केली जाते. ती तीनदा करायची: कपाटातून उचलताना, तयार करताना, आणि खाटेपाशी देण्याच्या क्षणी. तिसऱ्या वेळी ड्रग चार्ट हातात हवा आणि ॲलर्जी विचारायला हवी.

आणखी काही नियम, ज्यांना अपवाद नाही:

- दुसऱ्याने भरलेली, लेबल नसलेली सिरिंज द्यायची नाही. स्वतः भरलेलीही खाली ठेवणार असाल तर आधी लेबल.
- गोळ्या लॉकरवर ठेवून निघायचं नाही. रुग्णाने गिळल्याचं पाहायचं, मग सही. आधी सही करून ठेवली की न दिलेलं औषध दिलेलं ठरतं.
- तोंडी आदेश फक्त आणीबाणीत. लिहून घ्या, वाचून दाखवा, ‘बरोबर’ असं ऐकू येऊ द्या. नंतर डॉक्टरांकडून लेखी घ्या.
- ‘५.०’ असं लिहू नका, टिंब दिसलं नाही तर ५० होतं. ‘.५’ असंही नको, ‘०.५’ लिहा. इन्सुलिनच्या मात्रेपुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा.
- हळूहळू विरघळणाऱ्या आणि आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्या कुटून राइल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात जाणारी नळी) द्यायच्या नाहीत. दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते किंवा नळी तुंबते. फार्मासिस्टकडून पर्याय विचारा.

इन्सुलिन, हेपारिन, मॉर्फिनसारखी औषधं आणि तीव्र पोटॅशियम क्लोराइड ही चूक न पचणारी औषधं. मात्रा दोघांनी स्वतंत्रपणे काढायची; एकाने सांगायची आणि दुसऱ्याने मान डोलवायची, याला दुहेरी तपासणी म्हणत नाहीत. पोटॅशियम क्लोराइड शिरेत थेट कधीही ढकलायचं नाही, हृदय थांबतं. ते पातळ करूनच, ठरलेल्या वेगाने जातं, आणि बाटलीत घातल्यावर ती अनेकदा उलटी-सुलटी करावी लागते, नाहीतर जड द्रावण तळाशी राहून आधी तेच शिरेत शिरतं.

इन्सुलिनबाबत थोडं सविस्तर. काही ठिकाणी व्हायल दोन ताकदींच्या मिळतात: १ मि.ली.मध्ये ४० युनिट आणि १ मि.ली.मध्ये १०० युनिट. सिरिंजही तशाच दोन. यू-४० इन्सुलिन यू-१०० च्या सिरिंजमध्ये ४० च्या खुणेपर्यंत भरलं तर ०.४ मि.ली. भरतं, म्हणजे प्रत्यक्षात १६ युनिट. उलट झालं, यू-१०० इन्सुलिन यू-४० सिरिंजमध्ये ४० च्या खुणेपर्यंत, तर १ मि.ली. म्हणजे १०० युनिट जातात. व्हायल आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा शेजारी धरून वाचा. साध्या सिरिंजने इन्सुलिन भरायचं नाही.

आणि जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं जलद इन्सुलिन देऊ नका. इन्सुलिन दिलं, तेवढ्यात रुग्णाला एक्स-रेला नेलं, ताट परत गेलं, हा नेहमीचा सापळा आहे. घाम, थरथर, चिडचिड, गुंगी दिसली की लगेच साखर तपासा. ७० मि.ग्रॅ. प्रति डेसीलीटरच्या खाली असेल आणि रुग्ण गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, मदत बोलवा आणि शिरेतून ग्लुकोजची तयारी करा.

## ६. सलाईन, रक्त, ऑक्सिजन

थेंबांचं गणित: एकूण मि.ली. गुणिले सेटचा थेंब-आकडा (१ मि.ली.चे किती थेंब), भागिले एकूण मिनिटं. ५०० मि.ली. ६ तासांत, २० थेंबांचा सेट: ५०० × २० ÷ ३६० = २७.८, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, त्यामुळे तासाचे मि.ली. आणि मिनिटाचे थेंब सारखेच येतात. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचा. रुग्णाने हात वळवला की वेग बदलतो, म्हणून बाटलीवर वेळेची पट्टी चिकटवा आणि तासातासाला पाहा. मागे पडलेलं सलाईन भरून काढायला पूर्ण उघडायचं नाही. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असलेल्याच्या फुप्फुसात पाणी भरू शकतं.

कॅन्युलाची जागा प्रत्येक पाळीत आणि प्रत्येक औषधाआधी पाहा. दुखणं, लाली, सूज, गारपणा, शिरेच्या रेषेत कडकपणा, यांपैकी काहीही असेल तर कॅन्युला काढायचा. ‘चालतंय अजून’ म्हणून त्यात औषध ढकलू नका. पोर्ट (सिरिंज जोडायचं तोंड) स्पिरिट स्वॅबने १५ सेकंद घासून वाळू द्यायचा, मग सिरिंज.

रक्त देताना खाटेपाशी दोघांनी मिळून पिशवी, फॉर्म आणि पट्टा जुळवायचा. रक्तासोबत फक्त ०.९ टक्के सलाईन चालतं, दुसरं औषध किंवा ग्लुकोज नाही. पहिली १५ मिनिटं रुग्णाजवळून हलायचं नाही. गंभीर प्रतिक्रिया बहुधा तेव्हाच उमटते. थंडी, कंबरदुखी, दम, पुरळ, ताप दिसताच रक्त बंद, नवीन सेटने सलाईन चालू, डॉक्टरांना निरोप, पिशवी जपून ठेवायची. पिशवी बाहेर काढल्यापासून ४ तासांत संपली पाहिजे.

ऑक्सिजनच्या साध्या मास्कला किमान ५ लिटर प्रवाह लागतो. त्याखाली रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढतो. पिशवीच्या मास्कला १० ते १५ लिटर, पिशवी आधी फुगवून. नाकातल्या नळीने १ ते ६ लिटर. कानामागे नळी रुतून जखम होते, तिथे रोज पाहा.

## ७. स्पंज: रोजची डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी

लागणारं साहित्य: कोमट पाण्याची दोन भांडी, सौम्य साबण, तोंड, अंग आणि खालच्या भागासाठी वेगवेगळी फडकी, दोन टॉवेल, अंगावर घ्यायची चादर, मॅकिंटॉश (रबरी चादर), ड्रॉ शीट (कमरेखालची आडवी चादर), हातमोजे, स्वच्छ कपडे.

विचारा, पडदा ओढा, पंखा किंवा वारा बंद करा, खाट तुमच्या कमरेच्या उंचीवर आणा. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूने तपासा. मधुमेहात किंवा लकव्यात रुग्णाला चटका कळत नाही. स्वच्छ भागाकडून मळक्या भागाकडे जायचं: डोळे (आतल्या कोपऱ्यातून बाहेर, दर डोळ्याला फडक्याची वेगळी बाजू), चेहरा, हात, छाती-पोट, पाय, पाठ, शेवटी जननभाग. स्त्रियांत पुढून मागे पुसायचं, म्हणजे गुदद्वाराकडचे जंतू मूत्रमार्गाकडे येत नाहीत. पाणी गार किंवा गढूळ झालं की बदला. जेवढा भाग पुसताय तेवढाच उघडा ठेवा. काखा, स्तनांखाली, जांघा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा, घासू नका.

पुसता पुसता पाहायचं ते असं. माकडहाड, टाचा, कंबरेची बाजूची हाडं, कोपर, डोक्याची मागची बाजू, कान. लाल भाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. लालीच राहिली तर बेडसोअरची (पडून राहिल्याने दाबाची जखम) पहिली पायरी गाठली गेली. काळसर त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे शेजारच्या भागापेक्षा गरम, कडक, मऊ पडलेला किंवा दुखरा भाग हाताने शोधायचा. लाल भागाला मालिश करू नका, आतल्या नाजूक रक्तवाहिन्या तुटतात. मधोमध भोक असलेली गोल रिंगही वापरू नका, ती कडेने दाब देऊन मधल्या भागाचं रक्त तोडते.

बेडसोअरचा धोका मोजायच्या ब्रेडन मापात सहा निकष असतात: स्पर्शाची जाण, ओलसरपणा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, आहार, आणि घर्षण-ओढ. एकूण २३ पैकी १८ किंवा कमी म्हणजे धोका. धोका असलेल्याची कूस साधारण दोन तासांनी बदला, पूर्ण आडवं करण्याऐवजी ३० अंशांचा कल देऊन, पाठीमागे उशी लावून. पिंढरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. खाटेचं डोकं विनाकारण ३० अंशांपेक्षा वर ठेवलं की रुग्ण घसरतो; हाडं खाली सरकतात, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आत फाटते. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. ड्रॉ शीट दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून एका इशाऱ्यावर सरकवा. रुग्णाची कातडी वाचते आणि तुमची पाठही.

तोंडाची काळजी ही चैनीची गोष्ट नाही. घाण तोंडातली लाळ श्वासात गेली की न्यूमोनिया होतो. बेशुद्ध रुग्णाला कुशीवर वळवा, सक्शन चालू ठेवा, फार थोडं पाणी वापरा, आणि स्वतःची बोटं दातांमध्ये घालू नका. कवळी काढून नाव लिहिलेल्या डब्यात ठेवा. कागदात गुंडाळलेल्या कवळ्या कचऱ्यात जातात.

## ८. भरवणं आणि राइल्स ट्यूब

ताट देण्याआधी ‘तोंडाने काही नाही’ असा आदेश आहे का पाहा. भरवताना रुग्ण जवळजवळ ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतरही अर्धा तास तसाच. लकवा झालेल्याला, गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय, पाण्याचा घोटही नको. घोटानंतर खोकला, ओलसर घोगरा आवाज, गालात साठलेला घास दिसला की थांबा.

नळीतून काही देण्याआधी ती जठरातच आहे याची दर वेळी खात्री करायची: नाकापाशी नळीवरची खूण जागेवर आहे का, आणि ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा कमी आहे का. हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी रीत भरवशाची नाही. नळी फुप्फुसात असली तरी आवाज येतो. शंका असेल तर एक्स-रे होईपर्यंत थेंबही नाही. डोकं ३० ते ४५ अंश वर. त्वचेसाठी खाली हवं आणि फीडसाठी (नळीतून द्यायचं अन्न) वर, असा पेच पडला तर फीडच्या वेळी श्वासमार्ग आधी.

## ९. युरिन बॅग आणि पाण्याचा हिशेब

बॅग मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. रुग्णाला हलवताना ती पोटावर ठेवली की लघवी उलटी जाते. जोड उघडायचा नाही, नळी मांडीला चिकटवायची, दर रुग्णाला वेगळं मोजपात्र. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. मूत्रद्वाराभोवती रोज साबण-पाण्याने स्वच्छता पुरते. राउंडला रोज एकदा विचारा: कॅथेटर (लघवीची नळी) अजून लागतो का? जितके दिवस तो आत, तितका संसर्गाचा धोका वाढत जातो.

लघवी किमान तासाला वजनाच्या दर किलोमागे अर्धा मि.ली. हवी. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मि.ली. सलग दोन तास त्याहून कमी आली तर आधी नळी मुडपली आहे का पाहा, मग कळवा. डायपर असेल तर ओल्याच्या वजनातून कोरड्याचं वजन वजा करा. १ ग्रॅम म्हणजे १ मि.ली. ‘लघवी झाली’ एवढंच लिहून हिशेब होत नाही. औषधं पातळ करायला वापरलेलं सलाईन आणि नळी धुतलेलं पाणीही आत गेलेल्यात धरा.

## १०. पडणं

रुग्ण पडतात ते बहुधा संडासला जाताना, आणि घंटा हाताला न लागल्यामुळे. दर तासा-दोन तासांनी फेरी मारून विचारा: लघवीला जायचंय का, दुखतंय का, पाणी-चष्मा-घंटा हाताशी आहे का. खाट सगळ्यात खालच्या पातळीवर, ब्रेक लावलेले, चपला न घसरणाऱ्या, रात्री मंद दिवा.

चारही कठडे वर केले की सुरक्षित, हा गैरसमज आहे. गोंधळलेला माणूस ते ओलांडतो आणि जास्त उंचीवरून पडतो. उठवताना आधी खाटेच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसवा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर चालवू नका, डॉक्टरांना कळवा.

कोणी पडलंच तर लगेच उचलू नका. शुद्ध, श्वास, डोकं, मान, हातपाय तपासा, बीपी आणि साखर घ्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. बाहेर खरचटलंही नसलं तरी डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

## ११. सुई

वापरलेली सुई परत टोपणात घालायची नाही. डबा खाटेपाशी न्या, सुईला डब्याकडे चालवत नेऊ नका. तीन-चतुर्थांश भरला की बंद. टोचलीच तर वाहतं पाणी आणि साबण, पिळायचं नाही, लगेच वरिष्ठांना कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि ७२ तासांनंतर ते सुरू करत नाहीत. लाजून पाळी संपेपर्यंत गप्प राहणाऱ्यांचे हेच तास वाया जातात.

## १२. डॉक्टरांना फोन आणि नोंद

“सर, पेशंट बरा वाटत नाही” या वाक्यावर कुणी धावत येत नाही. चार भागांत बोला, याला एसबार म्हणतात: परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचं निरीक्षण, तुमची मागणी. उदाहरणार्थ: “सर, मी सर्जिकल वॉर्डातून बोलतेय. पोटाच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचे रुग्ण. श्वास २६, नाडी १२४, बीपी ९४/५६, दोन तासांत लघवी २० मि.ली., आणि ते गोंधळलेत. सकाळी हे सगळं ठीक होतं. मला रक्तस्राव किंवा संसर्गाची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन पाहावं. तोवर काय सुरू करू?” फोनआधी चार्ट आणि ताजे आकडे हातात घ्या. उत्तराने समाधान झालं नाही तर इन्चार्ज सिस्टरना सांगा आणि त्यावरच्या डॉक्टरांना कळवा. हा आगाऊपणा नाही, कार्यपद्धतीच तशी असते.

नोंद काम झाल्यावर लगेच, वेळेसह. ‘रुग्ण ठीक’ असं लिहू नका. काय पाहिलं, काय केलं, कुणाला किती वाजता कळवलं, त्यांनी काय सांगितलं, तासाभराने काय फरक दिसला, हे लिहा. दुसऱ्याने केलेल्या कामाखाली सही नको. चूक झाली तर एक आडवी रेघ, त्यावर सही आणि वेळ. खाडाखोड किंवा पांढरी शाई नाही. राहून गेलेली नोंद नंतर लिहिताना ‘उशिराची नोंद’ असं म्हणून आत्ताची वेळ आणि घटनेची वेळ दोन्ही घाला.